मध्यंतरानंतरचा सिनेमा

ताई : आणि हे ऐका. 'जिना सर, तुम्ही लिहिता तेव्हा म्हाताऱ्याचा सिनेमा पुन्हा उठून बसतो.' सर म्हणे. लिफ्टचे दोर बदलणारा माणूस सर झाला.

मास्तर : लिफ्टवाल्यानं सिनेमावर लिहू नये असं कुठे आहे? तू दिवसभर कवळ्या करतेस, तरी लिहितेसच की.

ताई : मी बारा वर्षं लिहितेय. नेटवरचा हा ग्रुप मी काढलाय. म्हाताऱ्याचे नऊच्या नऊ सिनेमे, एकेकावर माझे सहा-सहा लेख आहेत. कॅमेरा किती उंचीवर ठेवला, संगीत कुठे थांबलं, सगळं मोजून-मापून. बारक्या आला आठ महिन्यांपूर्वी. मीच आत घेतलं त्याला.

मास्तर : तेव्हा किती कौतुकानं सांगत होतीस, माझा भाऊपण आला म्हणून.

ताई : तेव्हा तो लिहीत नव्हता.

मास्तर : मला एक कळत नाही. तो दिग्दर्शक जाऊन तीस वर्षं झाली. तुम्ही सगळे त्याला घरच्या आजोबासारखं 'म्हातारा' म्हणता आणि भांडता मात्र त्याच्या इस्टेटीवरून भांडावं तसे. बरं, आजच्याला किती जणांनी लाईक केलं?

ताई : मी मोजत नाही.

मास्तर : अंदाजे?

ताई : चार हजार दोनशे अठरा.

मास्तर : एवढं काय लिहिलंय त्यानं? वाच बघू. हे पेपर तसेही उद्याच तपासून होणार आहेत.

ताई : नावाड्याच्या सिनेमाबद्दल आहे. तुम्ही पाहिलाय माझ्याबरोबर, दोनदा. नदी, माणसं ने-आण करणारा नावाडी, त्याची बायको त्याला सोडून पलीकडच्या गावाला जाते. आता बारक्या लिहितो, 'शेवट मी कधी विसरणार नाही. ती गेल्यावर नावाडी रिकामी होडी घेऊन पलीकडे जातो. होडी तिकडच्या काठाला बांधतो. तिथे ठेवतो आणि स्वतः पोहत परत येतो. कारण ती परत यायला निघालीच, तर होडी तिच्या बाजूला असायला हवी. ओला शर्ट अंगाला चिकटलेला, तो घराच्या पायरीवर बसतो आणि पलीकडे बघत राहतो.'

मास्तर : पुन्हा वाच.

ताई : का?

मास्तर : होडी तिच्या बाजूला असायला हवी, तिथपासून वाच.

ताई : तुम्हीसुद्धा? माझा एक लेख तरी कधी 'पुन्हा वाच' म्हणालात?

मास्तर : तुझे लेख मी शुद्धलेखनासाठी वाचतो, अगं. तूच देतेस तपासायला. पण हा शेवट मला आठवत कसा नाही?

ताई : नाहीच तो त्यात. ती बसमध्ये बसते, बस जाते, धूळ उडते, संपला सिनेमा. एकोणीस वेळा पाहिलाय मी. होडी नाही, पोहणं नाही, ओला शर्ट नाही.

मास्तर : मग हे आलं कुठून?

ताई : मला काय विचारता? ज्यानं लिहिलं त्याला विचारा. लोक आता ती रिळं शोधायला निघालेत. कुणी म्हणतं, जुन्या प्रतीत होतं, नंतर कापलं. एक बाई लिहितात, वाचून मी रडले आणि वेगळ्या राहणाऱ्या नवऱ्याला फोन केला.

मास्तर : फोन लाव त्याला. म्हणावं, बारक्या, तुझी काहीतरी गल्लत झालीय.

ताई : ग्रुपमध्ये लिहिलंय, तर दुरुस्तीही ग्रुपमध्येच व्हायला हवी. नियम आहे आमचा.

मास्तर : ग्रुपला माहीत आहे का, तो तुझा भाऊ आहे ते?

ताई : नाही. त्यालाच नको होतं. बहिणीच्या वशिल्यानं आला म्हणतील म्हणून. लिफ्टवाला, म्हणून नाव घेतलं 'जिना'. फार विनोदी आहे तो.

मास्तर : मग आता लिहितेयस ते बहीण म्हणून की ॲडमिन म्हणून?

ताई : ॲडमिन म्हणून. अगदी सभ्य शब्दांत. 'प्रिय जिना, आपण वर्णन केलेला प्रसंग उपलब्ध असलेल्या कोणत्याही प्रतीत नाही. आपण तो कुठे व कधी पाहिलात ते कृपया कळवावे.'

मास्तर : शुद्धलेखन ठीक आहे.

ताई : एवढंच?

मास्तर : बाकीचं तुला माहीत आहे. उद्या सकाळी टाक. एक झोप होऊ दे मधे.

ताई : टाकलं.

(चार दिवसांनी, दुपारी. दातांच्या दवाखान्यामागची, ताईची कवळ्या करायची खोली.)

बारक्या : तुझं काम चालू दे. मी बसायला आलो नाही, वरच्या मजल्यावर लिफ्ट बघायला आलो होतो.

ताई : या इमारतीला लिफ्ट नाही, बारक्या.

बारक्या : हं. म्हणजे शेजारच्या.

ताई : त्या स्टुलावर बस. साच्यांना धक्का लावू नकोस, प्लास्टर ओलं आहे. जेवलास का?

बारक्या : जेवलो. फोन बंद ठेवलाय मी. तू केला असशील तर लागला नसेल.

ताई : नाही केला.

बारक्या : बरं झालं. तू ग्रुपवर बघितलंसच असेल.

ताई : थोडं बघितलं. इकडे तीन कवळ्या द्यायच्या होत्या.

बारक्या : तो 'कात्री' नावाचा माणूस आहे ना, ज्याला प्रत्येक सिनेमाची प्रत न् प्रत माहीत असते? त्यानं माझं सगळं जुनं लिखाण उकरून काढलं. अकरा चुका सापडल्या. अकरा प्रसंग, जे सिनेमात नाहीतच. यादी करून टाकली, आकडे घालून. मग काय, सगळे तुटून पडले. थापाड्या, भामटा, म्हाताऱ्याच्या प्रेताची विटंबना करणारा. जी माणसं गेल्या आठवड्यात सर म्हणत होती, तीच.

ताई : मी फक्त प्रश्न विचारला होता.

बारक्या : तुला कोण काय म्हणतंय? तू बरोबरच विचारलंस. एकानं तर कुठून तरी आमच्या कंपनीचा नंबर काढला आणि ऑफिसात फोन केला. म्हणाला, असल्या खोटारड्या माणसाच्या हातात लोकांच्या लिफ्ट देता? फोरमन हसला. मी पण हसलो.

ताई : कुणी केला फोन? नाव कळव मला, आत्ता काढते त्याला.

बारक्या : एकाला काढून काय होणार? आणि त्यासाठी आलो नाही मी. ताई, रविवारी मी तो सिनेमा लावून बघितला. नावाड्याचा.

ताई : आधी कधी बघितला नव्हतास?

बारक्या : लहानपणी बघितलेला होता की. एवढा लख्ख आठवत असताना पुन्हा कशाला बघायचा? मी तर मुद्दाम बघायचो नाही, मनातला पुसेल म्हणून. तर लावला. ती बसमध्ये बसली, बस गेली. मला वाटलं, आता होडी येईल. पडदा काळा झाला. मी मागे घेतला, पुन्हा लावला. तीनदा. मग टेलिफोन ऑपरेटर बाईचा लावला. मग रखवालदाराचा. कात्री बरोबर आहे. अकराच्या अकरा नाहीत.

ताई : बारक्या...

बारक्या : थांब, बोलू दे, नाहीतर राहून जाईल. मी थापा नाही मारल्या. मला दिसतं ते. त्याचा शर्ट निळा होता, उजवी बाही फाटलेली. सिनेमा काळा-पांढरा आहे, ताई. मला निळा शर्ट दिसतो. बाबांना कितव्या वर्षी सुरू झालं?

ताई : काय?

बारक्या : विसरणं. चोपन्नाव्या. मी बावन्नचा आहे. आणि त्यांचं विसरण्यापासून नाही सुरू झालं, आठव. नसलेलं आठवण्यापासून झालं. आपल्या दारात विहीर होती म्हणायचे. तिचा दगडी काठ कसा होता ते हातानं दाखवायचे. आपण हसायचो.

ताई : तुझं तसं काही नाही.

बारक्या : तुला काय माहीत? काल एका इमारतीत लिफ्टचा ब्रेक बसवला आणि चार वेळा परत वर जाऊन बघितलं. बसवलाय, की बसवल्यासारखं वाटतंय? पाचव्यांदा गेलो तेव्हा तिथल्या बाईंनी विचारलं, काही धोका आहे का? काय सांगणार? बाई, ब्रेकला काही नाही झालेलं, मला झालंय? शुक्रवारी डॉक्टरांकडे जायचंय. मेंदूचा फोटो काढणार आहेत. घरी बोललो नाही, उगाच हातपाय गाळून बसेल ती. तुला सांगायला आलो, कारण कुणाला तरी माहीत असायला हवं.

ताई : बारक्या, तू तो सिनेमा बघितलाच नव्हतास.

बारक्या : कुठला?

ताई : कुठलाच नाही. तू सात वर्षांचा होतास. कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टर होतं तुला. वर्षभर. पलंगावरून खाली उतरायची बंदी होती, थेटरात कुठून जाणार?

बारक्या : मामा न्यायचा ना. दारावर तिकिटं फाडायला होता तो.

ताई : मला न्यायचा. दुपारच्या खेळाला, फुकट, बाजूच्या खुर्चीवर. मी घरी येऊन तुला सांगायचे. मी पलंगाच्या पायथ्याशी उभी राहून सगळ्यांची कामं करायचे. तू उशी मांडीवर घेऊन बघायचास.

बारक्या : ते आठवतं. तू सांगायचीस ते आठवतं. पण मी बघितले ते...

ताई : ते तेच. दुसरे नाहीत. सात वर्षांच्या मुलानं ऐकलेलं होतं ते, पंचेचाळीस वर्षांत पाहिल्यासारखं झालं. त्याला आजार नाही म्हणत.

बारक्या : बरं, सांगितलेलं तर सांगितलेलं. पण तू सिनेमात होतं तेच सांगितलं असणार ना? मग होडी कुठून आली?

ताई : ती बाटली दे इकडे. नको, राहू दे. आई चारला कामावर निघायची, आठवतं? बाबा फिरतीवर. तुझ्याजवळ कुणीतरी हवं. खेळ सुरू व्हायचा अडीचला. मध्यंतराची घंटा झाली की मामा मला उठवायचा आणि म्हणायचा, पळ. मी पुलावरून पळत यायचे.

बारक्या : म्हणजे?

ताई : म्हणजे मी एकही सिनेमा मध्यंतरानंतर पाहिला नाही. वर्षभर. पुढचं सगळं मी पुलावरून येताना जुळवायचे. वीस मिनिटांचा रस्ता होता. पूल संपेपर्यंत शेवट तयार व्हायचा.

बारक्या : अकराच्या अकरा मध्यंतरानंतरचे आहेत. आत्ता लक्षात येतंय.

ताई : हो.

बारक्या : मग मला तेव्हाच का नाही सांगितलंस, की अर्धाच बघितलाय म्हणून?

ताई : तू म्हणाला असतास, उद्यापासून पूर्ण बघून ये, मी एकटा राहीन. तू तसा होतासच. आणि तू तसं म्हणाला असतास तर मी थांबले असते रे. अकरा वर्षांची होते. थांबलेच असते.

बारक्या : होडी तू केलीस. निळा शर्ट?

ताई : बाबांचा होता. खुंटीवर असायचा. फाटकी बाही त्याचीच.

बारक्या : म्हणजे माझं डोकं ठीक आहे.

ताई : ठीक आहे.

बारक्या : ब्रेक मी बसवला होता.

ताई : बसवला असणार.

बारक्या : थांब. मग तुला माहीत होतं. ग्रुपवर मला 'कुठे आणि कधी पाहिलात' विचारलंस, तेव्हाच माहीत होतं.

ताई : वाचल्या वाचल्या ओळखली मी होडी.

बारक्या : आणि चार दिवस मी तिकडे मार खात होतो. तू काय करत होतीस?

ताई : वाचत होते. सगळ्या कमेंट. पहिल्या दिवशी बरं वाटत होतं. खोटं कशाला बोलू? दुसऱ्या दिवसापासून नाही वाटलं, पण तोंड उघडायला तितकीच लाज वाटली.

बारक्या : का, ताई? मला एक फोन केला असतास तर मी स्वतः लिहिलं असतं, माझ्या बहिणीची आहे होडी. मिरवलं असतं.

ताई : तेच नको होतं. तू मिरवतोस आणि लोक तुझ्यावर जीव टाकतात. बारा वर्षं मी कॅमेऱ्याची उंची मोजत बसले. शंभर लाईक आले की तुझे मेहुणे म्हणायचे, आज गोड करा काहीतरी. आणि लोक कशावर वेडे झाले? अकरा वर्षांच्या पोरीनं पुलावर धापा टाकत जे ठोकून दिलं त्यावर. माझंच, पण तुझ्या नावावर. मला स्वतःचाच हेवा वाटायला हवा होता, पण तो वाटला तुझा.

बारक्या : एवढंच?

ताई : एवढंच नाही. मोठी झाल्यावर मी पहिल्यांदा उरलेले अर्धे सिनेमे बघितले ना, तेव्हा मला त्या म्हाताऱ्याचा राग आला होता. बस गेली, धूळ उडाली, संपलं? मग त्याचंच कसं बरोबर हे मी बारा वर्षं पटवत बसले, लोकांना आणि मला. आणि तू? मला अर्धे सिनेमे मिळाले, बारक्या. तू पलंगावर पडून सगळे पूर्ण बघितलेस. शेवटासकट.

बारक्या : माझा पाय प्लास्टरमध्ये होता.

ताई : माहीत आहे. हेव्याला अक्कल असती तर हेवा कशाला म्हटलं असतं?

बारक्या : हात धू.

ताई : का?

बारक्या : मेण लागलंय बोटांना. हात धू आणि फोन घे. लिही.

ताई : 'ॲडमिनतर्फे खुलासा. सदर प्रसंगांबाबत...'

बारक्या : ॲडमिन नको. 'मी' लिही.

ताई : बरं. 'जिना माझा धाकटा भाऊ आहे. लहानपणी तो वर्षभर आजारी होता. मी अर्धा सिनेमा बघून यायचे आणि उरलेला रचून सांगायचे. होडी माझी आहे. हे मला ठाऊक असूनही मी त्याला चारचौघांत प्रश्न विचारला, कारण मला त्याचा हेवा वाटला. त्याच्या कंपनीत ज्यांनी फोन केला त्यांनी तिथेच पुन्हा फोन करून माफी मागावी.' आणखी काही?

बारक्या : 'रचून' च्या जागी 'ठोकून' म्हणालीस मघाशी. ते बरं वाटलं होतं.

ताई : राहू दे रचून. टाकू?

बारक्या : टाक.

ताई : टाकलं. आता ते स्टूल इकडे घे, दोघं मिळून मार खाऊ.

बारक्या : आली बघ पहिली. कात्री. 'या माहितीनंतर सदर मजकूर चित्रपट विभागातून काढून इतर विभागात हलवावा.'

ताई : त्याचं बरोबर आहे.

बारक्या : 'जिनादादा, परत या.' 'जिनादादा, माफ करा.' ही बघ, त्या फोनवाल्या बाई. 'नवरा परत आलाय. शेवट कुणाचाही असो.' आणि हे... जाऊ दे.

ताई : वाच.

बारक्या : 'ॲडमिननं ताबडतोब पायउतार व्हावं.' पाच मिनिटांत तीनशे लाईक.

ताई : माझ्या कुठल्याच लेखाला पाच मिनिटांत तीनशे आले नव्हते.

बारक्या : होणारेस का पायउतार?

ताई : होईन. बारा वर्षं दारावर तिकिटं फाडली. आता बसून बघते जरा. तू हसतोयस काय?

बारक्या : काही नाही. चार दिवसांत पहिल्यांदा भूक लागली. जेवलो म्हणालो ते खोटं होतं. आता त्या यादीतलं एकेक सांग मला, कुठलं कसं सुचलं. रखवालदार शेवटी तुरुंगाला आतून कुलूप लावतो, ते?

ताई : माझं. बाबा परगावी निघाले की मला तसं वाटायचं, आतून कुलूप लावून टाकावं.

बारक्या : वेडी बाई आंधळ्याला आरसा देते?

ताई : माझं. तेव्हा मला आंधळा म्हणजे काय ते नीट कळत नव्हतं.

बारक्या : आणि माझं सगळ्यात आवडतं, टेलिफोन ऑपरेटरचं. तिच्या नोकरीचा शेवटचा दिवस असतो. ती सगळ्या तारा काढते आणि जाता जाता दोन अनोळखी घरं एकमेकांना जोडून देते. दोन्हीकडून 'बोला' येतं. कुणीच बोलत नाही. पण फोन ठेवतही नाही कुणी. हे कसं सुचलं तुला?

ताई : हे मी नाही सांगितलं.

बारक्या : यादीत आहे. नववं.

ताई : यादीत नुसतं 'ऑपरेटरचा शेवट' एवढंच आहे, आणि तुझा तो लेख मी वाचला नव्हता. माझ्या शेवटात तिला बढती मिळाली होती. मोठं टेबल, फिरती खुर्ची. सिनेमात ती किल्ली परत देते आणि जाते. हे दोन्हीकडून 'बोला' मी आत्ता ऐकतेय.

बारक्या : नीट आठव.

ताई : आठवलं. नाही माझं.

बारक्या : मग ते माझं.

ताई : तुझंच असणार.

बारक्या : कसं आहे?

ताई : चांगलं आहे. होडीपेक्षा चांगलं.

बारक्या : जळलीस?

ताई : जळले. खोटं नाही सांगत.

बारक्या : छान. चल, निघतो, खाऊन घेतो काहीतरी. आणि त्या डॉक्टरांना फोन करून शुक्रवारचं रद्द करतो.

ताई : नको करूस रद्द.

बारक्या : अगं, आता कशाला? आत्ताच म्हणालीस ना, डोकं ठीक आहे म्हणून.

ताई : म्हणाले. माझ्या दहांबद्दल म्हणाले.

बारक्या : हं.

ताई : किती वाजताची वेळ आहे?

बारक्या : अकराची.

ताई : मी साडेदहाला तुझ्या दारात येते. घरी काय सांगायचं ते वाटेत ठरवू.